पाण्यावर मुक्काम, काठाने सायकल : मोझेल खोऱ्याच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

जर्मनीतल्या द्राक्षांच्या खोऱ्यात आठवडाभर बोटीवर राहायचं, दिवसा नदीकाठाने सायकल चालवायची आणि संध्याकाळी पुढच्या गावात त्याच बोटीवर, त्याच खोलीत परतायचं, अशा सहलीबद्दल मुंबई-ठाण्याच्या वाचकांनी बरंच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ऱ्हाइन नदीचं नाव जास्त ऐकलं आहे. मग सगळे मोझेलच का सुचवतात? — दादर

पहिल्या खेपेला मोझेलच घ्या. बिंगेन ते कोब्लेंझ हा ऱ्हाइनचा घळीसारखा भाग देखणा आहे, २००२ पासून तो जागतिक वारसा यादीतही आहे. पण तिथे दोन्ही काठांवर रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धावतात. माइंझ ते कोब्लेंझच्या मध्ये नदीवर एकही पूल नाही, त्यामुळे काठ बदलायचा तर फेरीबोटीची वाट पाहावी लागते. प्रवाहही जोरदार. कोरड्या उन्हाळ्यात काउब या गावाजवळ पाणी इतकं उतरतं की बोटींचं वेळापत्रक कोलमडतं. २०१८ आणि २०२२ साली ते झालं.

मोझेलवर बांध घालून पाण्याची पातळी राखलेली आहे. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनी १९५६ साली करार केला आणि १९६४ पासून ही नदी मोठ्या बोटींना खुली झाली. ट्रियरपासून कोब्लेंझपर्यंत दहा लॉक आहेत. कोठीसारख्या या कप्प्यात बोट शिरते, दरवाजे बंद होतात, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली केली जाते आणि पुढचा दरवाजा उघडतो. पाणी कमी पडायची भीती म्हणून इथे फारशी नसते.

भीती उरते ती पुराची आणि लॉक बंद पडण्याची. पूर आला की बोट पुलांखालून जाऊ शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये म्युडेनच्या लॉकचा दरवाजा एका मालवाहू जहाजाच्या धडकेने तुटला आणि नदीतली वाहतूक कित्येक आठवडे थांबली. अशा वेळी कंपनी बोट एकाच जागी ठेवून प्रवाशांना बसने ने-आण करते, आणि करारात तशी मुभा तिने आधीच लिहून घेतलेली असते. बुकिंग करण्यापूर्वी ते कलम वाचा. तुमच्या तारखांना लॉकच्या दुरुस्तीचं काम तर नाही ना, हेही विचारून घ्या.

वय ५८. रोज चालते, पण सायकल वीस वर्षांत चालवलेली नाही. जमेल का? — ठाणे

चढाच्या भीतीने घाबरू नका. ट्रियर ते कोब्लेंझ काठाने सुमारे २०० किलोमीटर आहे आणि एवढ्या अंतरात नदी जेमतेम साठ-सत्तर मीटर उतरते. रस्ता बहुतेक डांबरी आणि मोटारींपासून वेगळा आहे. रोजचा टप्पा साधारण ३० ते ५० किलोमीटरचा असतो. सावकाश ताशी १३-१४ च्या वेगानेही चार तासांत तो होतो आणि मध्ये थांबायला भरपूर वेळ उरतो.

त्रास होतो तो बैठकीला आणि तळहातांना. पहिल्या दिवशी ४० किलोमीटर सहज होतात, दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. म्हणून सरावात एका दिवसाच्या अंतरापेक्षा सलग दोन दिवस चालवण्याला महत्त्व द्या. आठ आठवडे हातात ठेवा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा १०-१२ किलोमीटर, पुढे हळूहळू २० आणि शेवटचे तीन आठवडे शनिवार-रविवार सलग ३०-३५. पहाटे साडेपाचला आरे, नवी मुंबईतला पाम बीच रोड किंवा रविवारी सकाळचा मरीन ड्राइव्ह, काहीही चालेल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा चढ मात्र या सरावासाठी गरजेचा नाही. हौस असेल तर करा.

सीटची उंची अशी ठेवा : सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली, तर पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हावा. मग पावलाच्या पुढच्या भागाने पॅडल मारताना गुडघ्याला आपोआप हलकासा बाक राहतो. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकवायची सवय असते. गुडघे तिथेच दुखतात. जेलचं जाड कव्हर विकत घेऊ नका. ते मऊ लागतं, पण तासाभराने हाडं आत रुतून मांड्यांना घासायला लागतं. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी दोन घ्या आणि ती आत काहीही न घालता वापरायची असते हे लक्षात ठेवा. अंतर्वस्त्राच्या शिवणीनेच चामडं सोलतं. घासणाऱ्या जागी सकाळीच व्हॅसलीन लावा.

स्वतःची सवयीची सीट नेता येते. बहुतेक सायकलींना ती बसते, पण कंपनीला आधी विचारा आणि पाना चेक-इनच्या बॅगेत टाका. उंची कळवताना सेंटिमीटरमध्ये कळवा. १५५ पेक्षा कमी असेल तर मधली नळी खाली असलेली सायकल स्पष्ट शब्दांत मागून ठेवा. ऐन वेळी बोटीवर दुसरी मिळत नाही.

भाड्याच्या जर्मन सायकली आपल्यासारख्याच असतात ना? — मुलुंड

नाही, आणि पहिल्या तासात पडायला होतं ते यामुळेच. तीन फरक आहेत.

एक, ब्रेकच्या दांड्या उलट असतात. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला. सवयीने डावी दांडी जोरात दाबली की पुढचं चाक जागीच अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. बोटीजवळच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं फक्त ब्रेक लावायचा सराव करा, मगच रस्त्याला लागा.

दोन, सात गिअर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, असलेल्या बऱ्याच सायकलींना पॅडलचा ब्रेक असतो. पॅडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला उतारावर किंवा थांबताना पॅडल उगाच मागे फिरवायची खोड असते. तिथे तसं केलं की सायकल खाडकन थांबते आणि मागून येणारा आपल्यावर आदळतो. सुरुवात करतानाही अडचण येते. पॅडल उलटं फिरवून वर आणता येत नाही, म्हणून सायकल थोडी पुढे ढकलून ते हव्या जागी आणावं लागतं. सिग्नलला थांबतानाच एक पॅडल वर राहील असं थांबायची सवय लावा. हे नकोच असेल तर पॅडलब्रेक नसलेली सायकल बुकिंगच्या वेळीच मागा.

तीन, चाल उजवीकडून. सरळ रस्त्यावर विसरायला होत नाही. गोंधळ होतो तो विश्रांतीनंतर, गावातून बाहेर पडून रिकाम्या रस्त्याला लागताना. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की तो मार्ग वापरणं बंधनकारक आहे, शेजारच्या मोटाररस्त्याने जायचं नाही. वळताना हात दाखवा. आणि चालवताना मोबाइल हातात धरू नका, त्याला ५५ युरो दंड आहे. नकाशा पाहायचा तर हँडलला अडकवायचा स्टँड घरून न्या. हेल्मेटची सक्ती नाही, तरी आपलं घेऊन जा.

पंक्चर झालं तर हबगिअरचं मागचं चाक काढायच्या फंदात पडू नका. गिअरची तार, पॅडलब्रेकची पट्टी आणि दोन्ही नट सोडवून पुन्हा बसवणं रस्त्यावर कटकटीचं आहे. चाक जागेवरच ठेवून टायरची एक बाजू उतरवा, काटा किंवा काच सापडेल त्या जागेची ट्यूब तेवढी बाहेर ओढा आणि तिथेच पॅच लावा. काच टायरमध्ये राहिली नाही ना, हे बोट सांभाळून चाचपा, नाहीतर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच.

गुडघ्यांसाठी ई-बाइक घ्यावी का? — विलेपार्ले

गुडघे खरंच दुखत असतील किंवा जोडीदाराचा वेग तुमच्या दुप्पट असेल तर घ्या. एरवी सपाट काठावर ती लागत नाही. साध्या सायकलीपेक्षा तिचं भाडं साधारण दुप्पट असतं आणि वजन वीस किलोच्या पुढे, त्यामुळे बोटीच्या अरुंद फळीवरून चढवताना जड जाते. मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देते, परवाना लागत नाही. बोटीवर अशा सायकली मोजक्याच असतात, तेव्हा खोली ठरवतानाच ती राखून ठेवा. बॅटरी चार्ज करायची जागा बोटीवर ठरलेली असते, खोलीत चार्ज करणं आगीच्या भीतीने मना असतं. मुंबईहून स्वतःची ई-बाइक न्यायचा विचार सोडा, १६० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत आणि सायकलीची त्याच्या दुप्पट-तिप्पट असते.

आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. बरोबर काय नेता येईल? — गिरगाव

सकाळचा नाश्ता, दुपारसाठी स्वतः बांधून घ्यायचा डबा आणि रात्रीचं जेवण हे बहुतेक बोटींवर भाड्यात धरलेलं असतं. शाकाहाराची सोय आता नेहमीची झाली आहे, मात्र बुकिंगमध्ये लिहा आणि निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे पुन्हा लेखी कळवा. शाकाहारी म्हणजे काय ते फोड करून लिहा : मांस नाही, मासे नाहीत, मांसाच्या रसात केलेलं सूप नाही, जिलेटिन नाही. अंडं चालतं की नाही ते वेगळं. कांदा-लसणाशिवाय रोजचं जेवण मिळेल अशी आशा मात्र धरू नका. छोट्या बोटीवर एकच आचारी असतो. भाजलेली भाजी, भात, चीज, ब्रेड, फळं, सॅलड यांवर सासूबाईंना आठवडा काढावा लागेल, हे आधीच बोलून घ्या.

गावांतल्या जेवणात फसवणारे दोन पदार्थ : सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्धवट आंबलेल्या ताज्या वाइनबरोबर कांद्याचा केक मिळतो, त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. बटाट्याच्या कुरकुरीत थालीपिठासारख्या पदार्थात अंडं आणि कांदा असतो. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. ती बटाट्यांबरोबर, लोण्याच्या सॉससह मिळते आणि शाकाहाऱ्यांची चंगळ होते. हॅम नको एवढं सांगा.

बरोबर नेण्याचा नियम कडक आहे. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवासी सामानात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड घरीच. बेसनलाडूत तूप असतं, तेही ठेवूनच जा. ताज्या फळांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळं, नारळ, खजूर, अननस आणि दुरियनला. मे महिन्यात भावाकडे हापूसची पेटी न्यायचा बेत असेल तर तो विमानतळावरच संपतो. चटण्या, मेतकूट, भडंग, तेलातले खाकरे, कोरडा चिवडा, गोडा मसाला हे बंद पाकिटांत न्या. खोलीत किटली किंवा शेगडी लावू देत नाहीत, म्हणून गरम पाण्यात भिजणारे उपमा-पोह्यांचे डबे जेवणघरातल्या गरम पाण्यावरच करावे लागतील.

वाटेत दमलो किंवा बोट चुकली तर? — चेंबूर

बोट चुकली तर ती थांबत नाही. लॉकची वेळ चुकली की तिचा पुढचा सगळा दिवस बिघडतो. रोज सकाळी बोट कुठे किती वाजता सुटणार आणि संध्याकाळी कोणत्या धक्क्याला लागणार, या पाटीचा फोटो काढून ठेवा. कप्तानाचा नंबरही. बहुतेक दिवशी बोट नाश्त्याच्या सुमारास किंवा दुपारी मधल्या गावात असते, तेव्हा अर्धा टप्पा सायकलीने आणि अर्धा बोटीने असं करता येतं. एखाद्या दिवशी चालवायचंच नसेल तर बोटीवर बसून राहा, त्याला कुणी काही म्हणत नाही.

बोटीशिवायची सोय मात्र भागागणिक वेगळी आहे. कोब्लेंझपासून बुलायपर्यंत रेल्वे नदीच्या जवळपास आहे. एडिगर-एलर आणि कॉखेमच्या मध्ये नदी वीसेक किलोमीटरचा वळसा घेते, पण रेल्वे ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट पलीकडे निघते. एलरला पाय बोलायला लागले तर गाडीत बसा, काही मिनिटांत कॉखेम. बुलायहून ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत छोटा फाटा आहे. त्याच्या वरच्या अंगाला, बर्नकास्टेल-कूसमार्गे ट्रियरच्या दिशेने, काठाला रेल्वे नाही. तिथे उन्हाळ्यात सायकली वाहणारी बस धावते. शनिवार-रविवारी सायकलीची जागा आधी राखावी लागते, नाहीतर बस तुम्हाला घेईल आणि सायकल रस्त्यावर राहील.

व्हिसाला बोटीचं बुकिंग चालतं का? — बोरिवली

चालतं. पत्रावर पासपोर्टप्रमाणे नाव, बोटीचं नाव आणि रात्रीगणिक मुक्कामाचं गाव असू द्या. कंपनीकडून तसं लिहून मागा, नुसती पैसे भरल्याची पावती अपुरी पडते. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या सर्वाधिक रात्री आहेत. मोझेलच्या काही बोटी एखादी रात्र लक्झेंबर्गच्या काठाला काढतात, त्याने फरक पडत नाही. पण बोटीच्या सात रात्रींना जोडून पॅरिसच्या नऊ घेतल्या तर अर्ज फ्रान्सकडे गेला पाहिजे. हा हिशेब चुकून अर्ज नाकारले जातात.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनच्या प्रवासासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५, वर केंद्राची फी. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. त्यात सायकल आणि ई-बाइकवरचा अपघात वगळलेला नाही ना, ते बारीक अक्षरांत पाहा. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी, म्हणजे या युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसासाठी, बोटांचे ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत, जुन्या व्हिसाची प्रत जोडा. व्हिसा नाकारला गेला तर बोटीचे किती पैसे परत मिळतात, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच विचारा.

फ्रँकफर्टला उतरून त्याच दिवशी बोट पकडायचा मोह टाळा. विमान उशिरा आलं किंवा सीमेवरची रांग लांबली की सगळंच बिनसतं. आदल्या दिवशी पोहोचा. फ्रँकफर्ट विमानतळावरून कोब्लेंझ रेल्वेने दीड तासाच्या आत आहे, ट्रियर त्याहून बरंच लांब. रेल्वेचं स्वस्त तिकीट एकाच गाडीपुरतं असतं, विमानानंतरच्या प्रवासाला कोणत्याही गाडीला चालणारं घ्या.

वाइनमधलं काही कळत नाही. काय मागवावं, आणि पिऊन सायकल चालवता येते का? — माहीम

नाशिकला तारांवर चढवलेल्या वेली सपाट रानात पाहिल्या असतील. इथे पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारावर एकेक खुंट रोवून वेल वाढवतात. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार साठ अंशांच्याही वर जातो. दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब देतो, म्हणून एवढ्या उत्तरेलाही द्राक्ष पिकतं. साठ टक्क्यांहून अधिक लागवड रीझलिंग या पांढऱ्या द्राक्षाची. त्याची वाइन आंबट-फळाळ असते.

लेबलवरचे चार शब्द पुरे. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, साखर लिटरला फार तर ९ ग्रॅम. ‘हाल्बट्रोकन’मध्ये १८ पर्यंत. ‘काबिनेट’ हलकी, आणि ‘श्पेटलेझ’ उशिरा खुडलेल्या द्राक्षांची. शेवटच्या दोघींवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं नसेल तर बहुधा गोडसर निघते आणि अल्कोहोल ८-९ टक्क्यांच्या आसपास असतो. नवख्याने काबिनेटपासून सुरुवात करावी. जेवताना ट्रोकन बरी. शेतकऱ्याच्या घरी वर्षातले चारच महिने चालणारी छोटी पानगृहं असतात, दारावर झाडू किंवा फांद्यांचा गुच्छ टांगलेला दिसतो. तिथली वाइन हॉटेलपेक्षा स्वस्त आणि बरेचदा चांगली. न पिणाऱ्यांसाठी त्याच शेतातल्या द्राक्षांचा रस मिळतो.

कायदा नीट समजून घ्या. सायकलस्वाराच्या रक्तात हजारी १.६ अल्कोहोल सापडला तर तो सरळ गुन्हा. पण तोल गेला, अपघात झाला, तर ०.३ लाही कारवाई होते. नेहमीचा ग्लास २०० मिलीलिटरचा असतो. १२ टक्क्यांच्या एका ग्लासात जवळपास १९ ग्रॅम अल्कोहोल जातो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ०.३ गाठायला तेवढाच पुरे. दुपारी प्यायचीच तर अर्धी वाइन, अर्धा सोडा असं मिश्रण किंवा चवीपुरता १०० मिलीलिटरचा ग्लास मागा. खरी मैफल सायकल बोटीवर चढवल्यानंतर.

मुंबईला परतताना माणशी २ लिटर दारू करमुक्त आणता येते. बाटली पाऊण लिटरची, म्हणजे दोन. तिसरी आणली तर जाहीर करून कर भरा. केबिन बॅगेत त्या चालत नाहीत, चेक-इनमध्ये कपड्यांत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवू नका. आपल्या मेमध्ये महिन्याभरात तिची चव जाते, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा.

बॅग कोणती, आणि पावसाचं काय? — डोंबिवली

खोली लहान असते, कडक कवचाची मोठी सूटकेस पलंगाखाली जात नाही. मऊ बॅग न्या. मुंबईत वापरतो तो पोंचो सायकलीवर वाऱ्याने फुगतो आणि त्याची टोकं चाकात अडकतात, अंगाबरोबरचं जाकीट आणि पावसाळी पँट घ्या. एप्रिल-मे आणि सप्टेंबरात सकाळ दहा अंशांवर असू शकते, म्हणून बोटं झाकणारे हातमोजे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीलाही पोहोचतो आणि द्राक्षमळ्यांत सावली नसते. द्राक्षतोडणी पाहायची असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. बर्नकास्टेलचा वाइनमहोत्सव सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो, त्या दिवसांत धक्क्यावर बोटींची आणि काठावर माणसांची दाटी होते. गर्दीचा कंटाळा असेल तर तो आठवडा सोडा.